मुकादमाची पापणी

रेखलाल गेल्याचं मला दुपारी कळलं. नागपूरच्या कार्यालयात मी दुसऱ्याच कुणाच्या तरी निधनाची बातमी तपासत होतो, तेवढ्यात अर्जुनी मोरगावहून फोन आला. रेखलालच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला लागून औषधांचं दुकान आहे, तो दुकानदार बोलत होता. "भाऊ, रेखलाल गेला ना. काउंटरवरच. कोण्या गिऱ्हाइकाचा मोबाइल खोलून बसला होता, तसंच टेबलावर डोकं टेकलं." डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला होता. मी विचारलं, "देवकी कशी आहे?" देवकी म्हणजे रेखलालची बायको. "वहिनीले का होते? वहिनी बऱ्या आहेत. रेखलाल गेला, भाऊ." धक्क्यानं मला नीट ऐकू आलं नसावं असं त्याला वाटलं असणार. मला सगळं ऐकू आलं होतं. तरी पहिला प्रश्न देवकीबद्दलच का आला, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास रेखलाल आणि मी अर्जुनीला कॉलेजात होतो. तो कालव्यालगतच्या एका गावातून सायकलनं यायचा, घरी धानाची शेती. बसस्थानकासमोर गोंदियाच्या एका शेठनं व्हिडिओ गेमचं दुकान काढलं होतं. पत्र्याच्या त्या खोलीत तीन टीव्ही, लाकडी बाकं आणि भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालणारा धंदा. वीज असली की दुकान भरलेलं, गेली की सगळे बाहेर चहाच्या टपरीवर. त्यातल्या एका टीव्हीवर एक विचित्र कॅसेट लागायची. तिच्यात एक सलग खेळ नव्हता. बारीक-बारीक खेळ एकापाठोपाठ अंगावर यायचे. पडणारा नारळ झेला, माशी मारा, खड्ड्यावरून उडी घ्या. प्रत्येकाला डोळे मिटून उघडण्याइतकाच वेळ. विचार केला की हरलात. आणि असे पुष्कळ खेळ पार केले की पडदा एकदम स्थिर व्हायचा, समोर एक प्रचंड मुष्टियोद्धा उभा असायचा. ढेरी पुढे, मान जवळजवळ नाहीच. तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मजुरांच्या पुड्यांत खोट काढणारे मुकादम आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेले, म्हणून पोरांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. त्याला हरवलं की तेच सगळे खेळ आणखी वेगानं पुन्हा सुरू, आणि शेवटी पुन्हा मुकादम, तोही आधीपेक्षा चपळ.

मुकादमापुढं कुणाचा टिकाव लागत नसे. रेखलाल मात्र हरत नसे. शेठ मागून ओरडायचा, "अरे, टाइम हो गया, उठ! दूसरों को भी मार खाने दे!" मी एकदा त्याला विचारलं, कसं जमतं? तो म्हणाला, "तुमी सारे त्याचे हात पाहून राहिले. हात कायले पाहता बे? ठोसा माराच्या आधी त्याची उजवी पापणी अर्धी उतरते. ते पाहाची." मी पाहिलं. खरंच उतरत होती, पण इतकी किंचित की ठाऊक असूनही मला पकडता येईना. रेखलालला ती दिसायची, आणि बटण दाबताना त्याची स्वतःची मानही डावीकडे झुकायची. ठोसा जणू काचेतून बाहेर येणार होता. त्यावर आम्ही खूप हसायचो.

मग एका बाजाराच्या दिवशी आम्ही टपरीवर चहा घेत होतो. चहावाला हसतमुख माणूस, चाळिशीचा, धडधाकट. त्यानं रेखलालच्या हातात कप दिला आणि रेखलालची मान झटकन डावीकडे गेली. चहा सांडला. "काऊन रे, माशी बसली का?" चहावाल्यानं विचारलं. सायकली काढताना रेखलाल मला म्हणाला, "त्याची पापणी उतरली." पुढच्या बाजाराला टपरी बंद होती. चहावाला तापानं वारला होता.

मी बातमीदार झालो तो पुढे. पण शंका घ्यायची सवय तेव्हाही होती, आणि मी त्याला सांगितलं की माणसं पापण्या लववतातच. त्यालाही ते पटलं असावं, निदान काही महिने. नंतर त्याचे वडील अंगणात जेवायला बसलेले असताना तसंच झालं. आईनं वाढलेलं ताट वडिलांपुढं होतं, रेखलाल समोर बसला होता, आणि त्याची मान सरकली. वडिलांनी नुसतं विचारलं, "का झालं?" रेखलालनं त्यांना त्याच दिवशी गोंदियाला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. घरी आल्यावर त्याच आठवड्यात ते धानाच्या बांधीत पाणी लावायला गेले आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या जागी वारले.

तेरवीनंतर आम्ही इटियाडोहला गेलो. धरण भरलेलं होतं आणि भिंतीवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. भर दुपार होती. तिथं त्यानं मला जे सांगितलं ते मी शक्य तितकं त्याच्याच शब्दांत देतो. "मले अगोदर वाटे का मले फकस्त दिसते. तसं नाही. ठोसा माझ्यावर येते. मी सरकतो ना बे, म्हणून तो त्यायले लागते." मी म्हटलं, ठोसा तुझ्यावर येतो तर पापणी त्यांची कशी उतरते? "तो त्यायच्या तोंडातून पाहाते. मुकादम." मी त्याला तर्क सांगितला. जेव्हा मान झुकली आणि कुणी मेलं नाही, त्या वेळा कुणी लक्षात ठेवत नाही, त्यानंही ठेवल्या नसतील. त्यानं ऐकून घेतलं. "असंन," तो म्हणाला. थोड्या वेळानं पाण्याकडे पाहत म्हणाला, "पण मी मान धरून ठेवाले शिकून राहिलो."

त्याचा अर्थ मला नंतर कळला. घरोघरी कॉम्प्युटर, मग मोबाइल आले, शेठचा धंदा बसला, आणि जाताना शेठनं खेळाचं यंत्र, टीव्ही आणि ती कॅसेट रेखलालला देऊन टाकली. मी दिवाळीला गावी गेलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. तो खोलीत बसून खेळत होता. सगळे बारीक खेळ त्यानं सहज पार केले. मुकादम आला तेव्हा त्यानं हातातलं खेळाचं रिमोट मांडीवर ठेवलं. पापणी उतरली. ठोसा आला, पडदा भरून. रेखलाल हलला नाही. मुकादम जिंकला, हात वर करून नाचला, आणि रेखलालनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथवर पोचला, पुन्हा रिमोट खाली ठेवलं. मी दारात उभा होतो. संपूर्ण तालुक्यात ज्याला कुणी हरवू शकलं नव्हतं तो माणूस दिवसाउजेडी एकेक ठोसा खात बसला होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मानेची शीर थोडी कमी फुगत होती.

त्याच सुमारास त्याचं लग्न झालं. देवकी चिचगडकडची, बोलायला धीट. लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा तिनं मला त्याच्यासमोरच विचारलं, "भाऊजी, तुमच्या दोस्ताले नवरी पसंत नव्हती त केली कायले? एक दिवस माझ्या तोंडाकडं पाहत नाहीत. मी बाजारात हरवली त हे पोलिसाले सांगतीन का, हात ओळखतो म्हणून?" रेखलाल हसला, जमिनीकडे पाहून. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, हे बरं नाही. तो म्हणाला, "साऱ्यायची पापणी पाहीन. तिची नाही पाहाची मले. अजून भरवसा नाही मानेचा." पुढची सगळी वर्षं मी तेच पाहिलं. दुकानात तो गिऱ्हाइकांशी मजेत बोलायचा, उघडलेल्या मोबाइलमध्ये डोळे घालून. घरी तो तिच्या पायांशी, तिच्या बांगड्यांशी बोलायचा. भांडण नव्हतं. मुलगी झाली, तिला तो पाठीवर घेऊन फिरायचा, कधी पुढ्यात घ्यायचा नाही. तीही त्याच्या पाठीशीच बोलायला शिकली.

तो गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी मी गेलो. मुलगी शाळेत गेली होती. देवकीनं मला त्याच्या खोलीत बसवलं. सांगताना ती रडली नाही. आठेक दिवस तिच्या डाव्या हाताला कळा येत होत्या, छाती भरून यायची. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी कळ मोठी आली. रेखलाल दुकानात निघाला होता. ती दारात आडवी उभी राहिली.

"मी म्हटलं, आज माझ्याकडं पाहा. मले सासूबाईनं सांगतलं होतं, तुमच्या मानेचं. मले का होऊन राहिलं ते तरी सांगा. दवाखान्यात जाऊ का नको जाऊ, तेवढं तरी सांगा."

"मग?"

"पाहिलं. लय वेळ पाहिलं, भाऊजी. मले त लाजच आली..." ती थांबली. "मान हालली नाही. जराशीही नाही. मी मनात म्हटलं, चला, मले काही नाही. पण मानेच्या शिरा अशा फुगल्या होत्या, धानाचं पोतं उचलल्यावानी. मंग म्हणाले, ‘काहीच नाही. भात खाऊन घे.’ अन् गेले. त्यायनं पायरी उतरली अन् माझी कळ थांबली. तेव्हापासून नाही."

डॉक्टरांनी नंतर तिला तपासलं आहे. तिच्या हृदयात दोष सापडलेला नाही. त्याचं हृदय कधी तपासलंच गेलं नव्हतं. हे दोन्ही मी औषधाच्या दुकानात विचारून खात्री करून घेतलं आहे. त्यापलीकडे मला काही सिद्ध करता येत नाही.

तिनं विचारलं, "तुम्हाले त्यायनं काही सांगतलं होतं का? शिरांचं?" मी धरणाच्या भिंतीवरचं सांगितलं, मग या खोलीत पाहिलेलं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"मी अडवलं नसतं त दुकानात जाऊन संध्याकाळी घरी येते होते ना?"

"मला माहीत नाही."

"लिहाल त तेवढंच लिहा. माहीत नाही म्हणून." मग ती एकदम हसल्यासारखी झाली. "सारी जिंदगी पाहिलं नाही, अन् पाहिलं त असं पाहिलं."

ती उठून चहा घेऊन आली. कप माझ्यापुढं ठेवला, दोन पावलं मागं सरली आणि तोंड भिंतीकडं वळवून, उजवा खांदा भिंतीला टेकवून उभी राहिली. मी म्हटलं, "वहिनी, बसा ना समोर." ती गोंधळली. आपण कशा उभ्या आहोत हे तिच्या आत्ता लक्षात आलं असावं. मग समोर येऊन बसली, पण चेहरा कुठं ठेवावा ते तिला कळेना... रेखलालच्या बैठकीच्या बाजूला, भिंतीवर खांद्याच्या उंचीला चुन्याचा रंग उडाला आहे. तेलकट, हाताएवढा डाग. त्याला वाढून झालं की ती रोज तिथं अशीच उभी राहत होती, तो जेवून उठेपर्यंत.