गच्चीच्या दिव्यावरची छत्री

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा जावई अजून आकाशात होता. वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून लगेच सांगते : जावई म्हणजे एक तारा, आणि सुलभाताई साळवे म्हणजे गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत, आमच्याच जिन्यात वरच्या मजल्यावर राहणारी माझी सर्वांत जवळची मैत्रीण. मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीला आल्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावरही परत गेल्या नाहीत. फोन त्यांच्या पुतण्याचा, अमोलचा होता. "वंदनामावशी, आत्या गेली... पहाटेच." मी डबे भरत होते. हातातला डबा खाली ठेवला आणि सवयीप्रमाणे कागद ओढला : चर्च, पेन्शन ऑफिस, दूधवाला, गॅस, नगरचे नातेवाईक. यादीत सर्वांत खाली लिहिलं 'ग्रुपला कळवणे', आणि तेच आधी केलं. हा ग्रुप ताऱ्यांवर पाळत ठेवणाऱ्यांचा. पुण्याहून, नागपूरहून, जपानहून, पुढे दिवस चढला तसे युरोपातून निरोप येत गेले. सगळे हळहळले. आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटी एक ओळ जोडली होती : आज संध्याकाळचा जावयाच्या तेजाचा आकडा मिळेल ना? मी रडत होते ती हसायला लागले. कारण सुलभाताईंनीही नेमकं हेच विचारलं असतं.

आमची ओळख भांडणातून झाली. तेव्हा मी सोसायटीच्या कमिटीत होते आणि तक्रारींची यादी माझ्याकडे असे. त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा यायची, तळमजल्यावरच्या भाटियाजींची : "गच्ची की लाइट पे कोई छाता बाँध देता है." गच्चीवर नवा एलईडी बसवून घेण्यासाठी भाटियाजींनी स्वतः खटपट केली होती, त्यामुळे त्यांना ते फार लागलं होतं. एका संध्याकाळी मी शहानिशा करायला वर गेले, तर खरंच, दिव्याच्या खांबाला एक मोठी काळी छत्री नाडीने करकचून बांधलेली, आणि तिच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई आरामात बसलेली. मी म्हटलं, "हे असं चालणार नाही हो." त्या म्हणाल्या, "चालू नका, बसा. दहा मिनिटं. डोळे अंधाराला सरावू देत, मग काय ते भांडा." दुसरी खुर्ची होतीच. मी बसले. दहा मिनिटांनी, जे गाझियाबादचं आकाश मी इतकी वर्षं राखाडी गोधडी समजत होते, त्यात तारे उमटायला लागले. मग त्यांनी मला सहा इंची दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला. त्या गोल तुकड्यात इतके तारे होते की भांडायचं राहूनच गेलं. खाली येऊन मी यादीत त्या तक्रारीपुढे 'चौकशी चालू' लिहिलं. ती चौकशी शेवटपर्यंत चालू राहिली.

त्या बघत होत्या ती जागा धनिष्ठेजवळची होती आणि तिथे काहीच नव्हतं. म्हणजे तारा होता, पण आमच्या दुर्बिणीत येणार नाही इतका मंद. खरं तर ते दोन तारे आहेत, एकमेकांना अगदी खेटून फिरणारे. त्यातला लहानखुरा, जड तारा दुसऱ्याकडून वायू ओढून घेतो. तो वायू त्याच्याभोवती चकतीसारखा साठत राहतो, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस ती चकती असह्य होऊन एकदम उजळते. काही आठवडे झगमगाट, मग पुन्हा अंधार. केव्हा, ते कोणालाच सांगता येत नाही. मोठमोठ्या वेधशाळांना तो उजळल्या उजळल्या बघायचा असतो, पण एवढ्या एका ताऱ्याकडे रोज डोळे लावून बसायला त्यांना वेळ कुठला? ते काम जगभरच्या हौशी लोकांनी वाटून घेतलेलं. नाव म्हणून त्या ताऱ्याला कॅटलॉगातली रुक्ष अक्षरं आहेत. सुलभाताई त्याला जावई म्हणायच्या. "कधी येणार कळवत नाही, आला की सगळ्यांची धावपळ, आणि नीट बघेपर्यंत निघाला! आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात, वंदना. मी एवढंच म्हणते, तारा म्हणा."

"पण दिसत नाही तर रोज लिहिता काय?" मी विचारलं होतं.

"दिसला नाही, हेच लिहिते. अगं, काल नव्हता आणि आज आहे, हे सांगायला काल कोणीतरी बघितलेलं लागतं ना!"

मला हे फार म्हणजे फारच पटलं. माझं सगळं आयुष्य ऑफिसात अशीच रखवाली करण्यात गेलं आहे : माल आला नाही, फाइल आली नाही, सही झाली नाही, हे वेळच्या वेळी नोंदवणं. त्याचं कोणी कौतुक करत नाही. इथे मात्र जपानात तारा मावळला की बघणारे थांबत आणि युरोपात अजून संध्याकाळ व्हायची असे. मधल्या पट्ट्यात माणसं कमी. आमच्या धुरकट गच्चीलाही त्यामुळे किंमत होती. "आकाश घाण आहे, पण जागा मोक्याची," असं सुलभाताई म्हणायच्या, जणू त्यांनी फ्लॅट हेच बघून घेतला होता! महिन्याभरात मी आम्हा दोघींचं वेळापत्रक केलं, दुर्बिणीच्या आरशासाठी झाकण शिवलं, टॉर्चला आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद लावला. त्या सगळ्यावर हसल्या आणि सगळं वापरलं.

चिठ्ठ्यांचा नियम मात्र त्यांचा. तो आला एका चुकीतून, आणि ती चूक त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. एका संध्याकाळी मला ऑफिसातून यायला उशीर झाला आणि जावयाच्या जागेपाशी त्यांना एक ठिपका दिसला. इतक्या वर्षांनी! त्यांनी थांबून बघितलं नाही, तडक 'उजळला' असा निरोप ग्रुपवर टाकला. लोक जेवणाच्या पानावरून उठले, कोणी ढगांतून फट शोधत बसलं, कुठल्याशा वेधशाळेने आपलं ठरलेलं काम बाजूला ठेवलं. तासाभरात कळलं की ठिपका सरकतोय. तो एक लघुग्रह होता, वाटेने चाललेला, नेमका त्या संध्याकाळी जावयाच्या दारावरून जाणारा. गप्प बसणं सोपं होतं. सुलभाताईंनी सगळ्यांना लिहिलं, "चूक माझी. अर्धा तास थांबायला हवं होतं. मला तो यायला हवा होता, म्हणून तो मला दिसला." त्यानंतर आमच्या गच्चीवर कायदा झाला. एकीने बघायचं, ओळखीच्या शेजारी ताऱ्यांशी तुलना करून तेज ठरवायचं, चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालायची. मग दुसरीने. तोवर एक अक्षर बोलायचं नाही, 'अरे वा' सुद्धा नाही. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तरच निरोप जाणार.

यंदा पाऊस सरला तशा सुलभाताईंना धाप लागू लागली. त्या ठरल्या वेळी वर यायच्या, पण जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून मला टोमणे मारायच्या, म्हणजे दम घेतला असं दिसू नये. नवरात्र संपताना त्यांना दिल्लीच्या एका हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी अमोलला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय थकलंय, फार आशा धरू नका. सुलभाताईंना ते न सांगताच कळलं. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "आकाश सध्या धुतल्यासारखं असेल. पुढे दिवाळी, मग धूर. हेच काय ते दिवस आहेत आणि मी इथे छताचा पंखा बघतेय. एक दिवससुद्धा गाळू नकोस, वंदना. मी नसताना आला आणि आपल्याकडून हुकला तर... मला नाही चालणार."

मी गाळला नाही. आणि थोड्याच दिवसांनी, दिवेलागण उलटून गेल्यावर, नेहमीप्रमाणे छत्री बांधली, दहा मिनिटं बसले, दुर्बीण धनिष्ठेकडे वळवली, डोळा लावला आणि खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. तिथे तारा होता! जिथे कधीच काही नसायचं तिथे, स्वच्छ, टोकदार, आपल्या घरात बसल्यासारखा. पुन्हा बघितलं. लघुग्रहांची माहिती तपासली, जवळपास कोणी नव्हता. अर्धा तास थांबले. तो अर्धा तास कसा गेला ते मलाच ठाऊक, गच्चीवर नुसत्या येरझाऱ्या. तारा तसूभरही सरकला नाही. चिठ्ठी लिहिली, घडी घातली, आणि मग लक्षात आलं की दुसरी चिठ्ठी लिहिणारं कोणी नाही. मी हॉस्पिटलात फोन लावला. अमोलने तो सुलभाताईंच्या कानाशी धरला.

"ताई, तो—"

"थांब! आकडा सांगू नकोस." आवाज खोल गेलेला, पण हुकूम तोच. "दुसरं कोणी बघितलं का?"

"कोण बघणार? तुम्ही तिथे..."

"ज्याला यातलं काही कळत नाही असा माणूस आण. ज्याला तो यायला नकोय असा."

असा माणूस सोसायटीत एकच होता. मी खाली धावले आणि भाटियाजींना टीव्हीसमोरून उठवलं. ते शाल ओढत, कुरकुरत वर आले, आणि आल्या आल्या छत्रीवर बोट ठेवलं : "आज रंगे हाथ पकड़ी!" मी म्हटलं, "कल लिखित शिकायत दे दीजिए, अभी बैठिए." दहा मिनिटं त्यांना अंधारात बसवलं. मग दुर्बिणीत कोणते तीन तारे बघायचे ते दाखवलं, पण मधला कोण ते सांगितलं नाही. फोन स्पीकरवर खुर्चीत ठेवलेला. भाटियाजींनी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"देखो जी," ते शेवटी म्हणाले, "बीच वाला ऊपर वाले से हल्का है, नीचे वाले से तेज़. नीचे वाले के ज़्यादा पास है, मतलब... बस उन्नीस-बीस का फ़र्क."

मी माझी चिठ्ठी उघडून वाचली. तेच होतं. खालच्या ताऱ्यापेक्षा किंचित तेजस्वी. मी खुर्चीतला फोन उचलला.

"ताई?"

"पाठव," सुलभाताई म्हणाल्या. "अगं पाठव ना, उभी काय राहिलीस! आणि भाटियाजी को बोलो, थँक यू. उनकी आँख अच्छी है, ख़ाली शिकायत में लगाते हैं."

"सुन लिया, सालवे मैडम," भाटियाजी म्हणाले. "जल्दी घर आइए, छाते वाली बात अभी बाक़ी है."

निरोप गेला. पंधरा-वीस मिनिटं कोणाचंच उत्तर नाही, आणि तो जुना लघुग्रह आठवून मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. मग पुण्याहून आलं : दिसला. मग नागपूर : आलाय, आलाय! मग पश्चिमेकडे जसजसा अंधार सरकत गेला तसतशी एकेका देशाची खिडकी उघडावी तसे आकडे येत राहिले, आणि वेधशाळांच्या दुर्बिणी वळल्याच्या बातम्या. त्या संध्याकाळी सगळ्यांत आधी उजळलेला जावई बघितला होता आमच्या गच्चीने. अमोल सांगतो, आत्याने प्रत्येक निरोप त्याच्याकडून वाचून घेतला, आणि नर्सला बोलावून सांगितलं, "हमारा दामाद आया है." नर्सने विचारलं, मिलने आएँगे? तर म्हणाल्या, "नहीं, हम ही लोग जाते हैं."

त्यानंतर मी रोज आकडा घेऊन हॉस्पिटलात जात होते. जावई हळूहळू उतरत होता, आणि त्याही. पण त्यांचे डोळे असे लखलखत की बघणाऱ्याला वाटावं, बाई बऱ्या होतायत. शेवटच्या भेटीत मी म्हटलं, "आता नियम कोणाबरोबर पाळू?" त्या म्हणाल्या, "तुला याद्या करता येतात. शोध." दुसऱ्या पहाटे त्या गेल्या. दफनविधीला आमचा सगळा जिना आला, नगरहून माणसं आली, मराठी गीतं म्हटली गेली. संध्याकाळी परत आल्यावर मी गच्चीवर गेले, छत्री बांधली, बघितलं, आकडा पाठवला.

आता धुरकं उतरलंय. जावई निघून गेला, पुन्हा केव्हा येईल कोणास ठाऊक, कदाचित माझ्यानंतर. मी दुसऱ्या माणसासाठी खरंच यादी केली होती : शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, एक निवृत्त इंजिनिअर, माझी मुलगी. एकेकाला विचारायचं होतं. मागच्या आठवड्यात ऑफिसातून उशिरा आले, अंधार पडून गेला होता, धावतच गच्ची गाठली, तर दिव्यावर छत्री आधीच बांधलेली. गाठ सुलभाताईंची नव्हे, चांगली तीन-चार वेळा गुंडाळलेली, सुटता सुटू नये अशी. खाली त्यांच्या खुर्चीत माकडटोपी घालून भाटियाजी. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"बैठिए, दस मिनट. पहले आँखों को अँधेरे की आदत पड़ने दीजिए."

मी बसले. मग दुर्बिणीतून बघितलं आणि चिठ्ठी लिहिली. त्यांनी खिशातून आपली काढली, घडी घातलेली. दोन्ही एकदम उघडल्या. त्यांची हिंदीत, माझी मराठीत. दिसला नाही.

"दोनों मिल गईं?" त्यांनी विचारलं.

"बिल्कुल," मी म्हटलं, आणि निरोप पाठवला.