दुपारी जाणारे आकडे

बाबांच्या गाडीतले आकडे नाहीसे होतात, हे ते आम्हाला दोन उन्हाळे सांगत होते. गाडी सतरा वर्षांची. तिला काटे नाहीत. डॅशबोर्डच्या मधोमध एका काळ्या पट्टीवर हिरवे इंग्रजी आकडे उमटतात, कॅल्क्युलेटरवर असतात तसे रेघारेघांचे. वेग, पेट्रोल, इंजिन किती तापलंय ते.

"आकड्याचे हातपाय गळून पडतात वं," बाबा म्हणायचे. "आठाचा तीन होते, तिनाचा सात होते, मंग काहीच नाही राहत. पाहता पाहता सारं काळं."

मी आधी हसले, मग चिडले. राग माझ्या नाकावरच असतो. महाल भागातल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने सकाळी दहाला गाडी सुरू करून पाहिली, सगळं लख्ख. मीही दोनदा सकाळी चालवून पाहिली, काही नाही. मग डोळ्यांचा डॉक्टर झाला, मोतीबिंदू काढून झाला, तरी बाबांचं पालुपद तेच. शेवटी मी किल्ली मागून घेतली. "सिग्नल तर दिसते न मले," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत ते पायी जायचे आणि मला वाटायचं, चला, एक काळजी मिटली.

एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. बाबा गाडी काढायचे ती भर दुपारी, कारण मे महिन्यात त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि म्हाताऱ्या माणसाला मोकळा रस्ता बरा. बाकी आम्ही सगळे शहाणे, नागपूरच्या उन्हाळ्यात जी काय कामं ती सकाळीच उरकणारे.

गेल्या मे महिन्यात काटोलला एक लग्न होतं. जेवणं आटोपून अडीचला आम्ही दोघं परत निघालो. मी चालवत होते, बाबा शेजारी. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, पण एक पान हलत नव्हतं. पुढे डांबरावर पाणी साचलेलं दिसायचं आणि जवळ गेलं की नसायचं. मी वेग पाहिला, अडुसष्ट. पुन्हा पाहिला तर त्रेसष्ट. माझा पाय तर तसाच होता. मग सदुसष्ट. मग त्या सातातली एक रेघ गेली, दुसरी गेली. पेट्रोलच्या खुणा एकेक करून विझल्या. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. गाडी पळत होती, आणि ती किती पळतेय, किती तापलीय, हे सांगणारं काही उरलं नव्हतं. त्या काळ्या पट्टीत फक्त बाबांचा चेहरा दिसत होता. ते तिकडेच पाहत होते.

"तुले दिसून राहिले का वं आकडे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी म्हणाले, "दिसतात न बाबा. साठ."

का म्हणाले, ते मला चांगलं ठाऊक आहे. खरं सांगितलं असतं तर त्यांनी किल्ली परत मागितली असती. आणि दोन वर्षं मी त्यांना वेड्यात काढलं, हेही कबूल करावं लागलं असतं. तेवढ्यात एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी घासून गेला. तेव्हा माझा वेग किती होता, देव जाणे. बाबांनी मान हलवली, चष्मा काढला आणि घर येईपर्यंत डोळे मिटून बसले.

संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, "विसरणाऱ्या म्हाताऱ्यांचा डॉक्टर राहते न, त्याच्याकडे ने मले. डोळे ठीक आहेत. आता डोकंच गेलं दिसते." मला रडू फुटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. आकडे खरंच गेले होते, उन्हाने पट्टी तापली की जातात, मी खोटं बोलले, हवं तर उद्या दुपारी पुन्हा दाखवते.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माझं मन नको राखू, बेटा," ते म्हणाले. "खरंच गेले असते, तर तू तवाच गाडी थांबवली असती. मी बसलो होतो न तुझ्या बाजूले."