मोठे बाबा आणि दोन नंबरची उत्तेजित अवस्था

अमानवीय वगैरेवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी रसायनशास्त्रात पीएचडी केली, तीसुद्धा कॉम्प्युटरवर. परीक्षानळीला हात लावल्याला वर्षं झाली. तरी हे घडलं... सिहोऱ्याला, आमच्या घराच्या ओसरीत, भर दुपारी.

काम असं — रेणूवर प्रकाश पडला की तो वरच्या ऊर्जेच्या अवस्थेत जातो. अशा अनेक अवस्थांना कॉम्प्युटर ऊर्जेच्या क्रमाने नंबर देतो: एक, दोन, तीन. मला दोन नंबरची धरून रेणूचा आकार पायरीपायरीने बदलत न्यायचा होता. पण गणित जुळेचना. गाइड सर म्हणाले, दोन आणि तीन वाटेत जागा बदलत असतील, तपास. मी छातीठोकपणे सांगितलं, दोघींच्या ऊर्जेत भरपूर अंतर आहे, शक्यच नाही. त्यावर सर शांतपणे म्हणाले, सोमवारपर्यंत जुळलं नाही तर हे प्रकरण प्रबंधातून काढू. तीन वर्षांचं काम होतं ते. मला रडूच आलं.

त्या शनिवारी मोठे बाबा — वडिलांचे थोरले भाऊ, चाळीस बकऱ्यांचे मालक, शिक्षण चौथी — मोबाइल चार्ज करायला आले आणि शेजारी टेकले. स्क्रीनवर दर पायरीला दोन्ही अवस्थांची चित्रं येत होती, लाल-निळ्या फुग्यांसारखी. चहा बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "आता ह्या दोघी जागा बदलवतीन, बाई."

मी हसले. त्यांना अंतराचे आकडेही दाखवले. दहा मिनिटांनी पुढची पायरी आली... दोन नंबरचं चित्र तीनवर, तीनचं दोनवर!

"तू नंबर कायले पाहून राहिली?" मोठे बाबा म्हणाले. "बकरीले नंबर रायते का? तिची चाल पाहा."

मग मी नंबर सोडून चित्राच्या ठेवणीवरून माग काढला. रविवारी गणित जुळलं, प्रकरण वाचलं.

पण पुढच्या चित्रात काय येणार हे कॉम्प्युटरलाही ठाऊक नव्हतं, मग यांना कसं कळलं? विचारलं तर म्हणाले, "दुसरीनं मागं वळून पाह्यलं ना."

ते चित्र मी शंभरदा मोठं करून पाहिलंय. फुगेच आहेत हो!

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच काढलं — अंतर एवढं असताना त्याच पायरीवर शंका कशी आली? "अनुभव, सर," म्हटलं. त्यांनी कौतुकाने मान डोलावली आणि सही केली.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. अनुभव कोणाचा, हे त्यांनी विचारलं नाही... म्हणून मी आज डॉक्टर आहे.