गुंडू मेस्त्रींचा कान

दीड महिन्यापूर्वी, सकाळी आठच्या सुमाराला, मी आंबोळ्यांचं पीठ ढवळत असताना तोंडवलीच्या नंदूचा फोन आला. नंदू माझा जुना विद्यार्थी, आता समुद्राकाठी पर्यटकांसाठी होमस्टे चालवतो. "बाईनू, मेस्त्री गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" यात माझा काही दोष नव्हता. गुंडू मेस्त्री गेली वीस वर्षं सारखे कुठेतरी जातच होते. आचऱ्याच्या रस्त्यात कुणाची जीप बंद पडली की जायचे, मच्छीमाराच्या होडीचं इंजिन रुसलं की बंदरावर जायचे. त्यांच्या गॅरेजवर गेलं की सुशीलावहिनी, म्हणजे त्यांची बायको, लसूण सोलता सोलता मान वर न करता सांगायच्या, "गेले." त्यातून हॉस्पिटलमधून घरी येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते आणि ते पुन्हा कामाला लागले होते. म्हणून मी नंदूला म्हटलं, "मग दुपारपर्यंत येतील की." पलीकडे नंदू रडायलाच लागला. चहाचा कप हातात असताना, खुर्चीतल्या खुर्चीत गेले, असं त्याने सांगितलं. नंतर कळलं की त्या सकाळी निम्म्या मालवणाने माझाच प्रश्न विचारला होता. एका रिक्षावाल्याने तर "परत इले काय, माझो क्लच बगूक सांगा," असा निरोपही ठेवला होता.

मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले आणि कुणाची तरी वापरलेली छोटी निळी मोटार घेतली. पहिल्याच आठवड्यात ती बाजाराच्या तोंडाशी, मासे घेऊन निघालेल्या बायकांच्या ऐन वाटेत बंद पडली. त्या टोपल्या खाली ठेवून मला सल्ले देत होत्या, तेवढ्यात स्कूटरवरून एक किडकिडीत, बुटका माणूस आला. बाकी सगळं देवाने हात राखून दिलेलं, कान मात्र सढळ हाताने. मला वाटलं, आता बॉनेट उघडेल. तो म्हणाला, "चालू करा." मी म्हटलं, "होत नाही हो, तेच तर झालंय." "होवची नाय. तरी करा." मी चावी फिरवली. त्याने हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर गाडीला टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मासेवाल्यांचे सल्लेसुद्धा थांबले. मग डोळे उघडून त्याने निदान केलं, "पेट्रोल नाय." काटा अर्धी टाकी दाखवतोय, हे मी शाळेतल्या आवाजात सांगितलं. "काटो खोटा बोलता," मेस्त्री म्हणाले, "गाडी खरा सांगता." टाकी कोरडी निघाली. पुढे ओळख वाढल्यावर घन पदार्थातून ध्वनी हवेपेक्षा वेगाने कसा जातो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी अतिशय आदराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्यां तुमी पोरांका शिकवा, बाईनू. माका नुसता आयकाक येता."

आणि खरंच, काय ऐकू यायचं त्या माणसाला. पुण्या-मुंबईला गेलेले लोक तिथून फोन लावायचे आणि फोन बॉनेटवर धरायचे. एकदा माझ्यासमोरच असा फोन आला. मेस्त्रींनी बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, "गाडी बरी आसा. तुमच्या शेजारी कोण वाटाप वाटता, त्या मिक्सराचा बेअरिंग गेला हा." संध्याकाळी त्या गृहस्थाचा पुन्हा फोन आला, मिक्सर जळाला म्हणून.

पण गाड्या बदलायला लागल्या. नंदूने होमस्टेसाठी नवीकोरी मोठी गाडी घेतली. वर्षा-दोन वर्षांनी तिची बॅटरी गेली. मेस्त्रींनी नवी बसवली आणि डॅशबोर्डवर दिवाळी सुरू झाली. सगळे दिवे लुकलुकले, पण गाडी तसूभर पुढे सरकेना. मेस्त्रींनी दोन दिवस तिच्याभोवती प्रदक्षिणा घातल्या. शेवटी गाडी दोरीने ओढत हायवेवरच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली, आणि तिच्या मागोमाग स्कूटरवरून मेस्त्री, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकासारखे. आत जायला मनाई होती. एसी हॉलमध्ये मऊ कोचावर बसवून त्यांच्या हातात फुकटची कॉफी दिली. काचेपलीकडे एका टाय लावलेल्या माणसाने गाडीला लॅपटॉप जोडला, दोन बटणं दाबली आणि गाडी चालू. बॅटरी नवी आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं राहिलं होतं, एवढंच. परत आल्यावर मेस्त्री माझ्याकडे आले आणि ओटीवर बसले. "बाईनू," ते म्हणाले, "बॅटरी बदलली ह्यां गाडीक सांगूक व्हया? तिच्याच पोटात घातलंय मा मी? तिका कळूक नाय?" मी चहा टाकायला उठले. तेव्हा ते म्हणाले, "कॉफी मात्र बरी होती."

ते हरणाऱ्यांपैकी नव्हते. महिन्याभरात त्यांनी कोल्हापुरातून एक स्कॅनर मागवला. गाडीला जोडला की तो तिचा दोष पडद्यावर लिहून दाखवायचा, पण इंग्रजीत. मी नुकतीच निवृत्त झाले होते. दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार वाजता मी चष्मा घेऊन गॅरेजवर हजर व्हायला लागले. माझे यजमान हयात असते तर म्हणाले असते, मुलांच्या वह्या तपासून पोट भरलं नाही म्हणून आता गाड्यांच्या तपासतेय. मेस्त्रींची शिस्त कडक होती. आधी ते कानाने ऐकून आपलं म्हणणं सांगणार, मग मी पडदा वाचणार. पहिल्याच गाडीला मी वाचलं, "ऑक्सिजन सेन्सर." मेस्त्रींचा चेहरा गंभीर झाला. "ऑक्सिजन? इतकी सिरीयस आसा?" बहुतेक वेळा कान आणि यंत्र यांचं एकमत व्हायचं. नाही झालं तर मेस्त्री यंत्राला दुसऱ्यांदा वाचायला लावायचे, मलाही. वर्षभर आमचं छान चाललं. मग त्याहून नव्या गाड्या आल्या आणि स्कॅनर पडद्यावर एकच वाक्य दाखवायला लागला: पासवर्डशिवाय परवानगी नाही, अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. "काय म्हणता?" मेस्त्री विचारायचे. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. माझं तोंड बघून स्कॅनरची पिन काढून घेतली.

नंतर एक दिवस त्याच सर्व्हिस सेंटरने त्यांना नोकरीला बोलावलं. अनुभवी माणूस हवा होता म्हणे. छातीवर नाव लिहिलेला निळा युनिफॉर्म मिळाला, सुशीलावहिनींनी त्यांना ओवाळलं, आणि एकसष्टाव्या वर्षी मेस्त्री हातमोजे घालून कामाला गेले. नोकरी अकरा दिवस टिकली. अकराव्या दिवशी एका चाकरमान्याची गाडी आली. एसी लावला की भयंकर वास यायचा. कॉम्प्युटरला दोष सापडेना, म्हणून एसीचा अख्खा संच बदलायचं ठरलं. मेस्त्रींनी फक्त दार उघडून एकदा खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "सोडे." मागची सीट उचलली तर खाली फुटलेल्या पिशवीतले मूठभर सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, निघाले. मागच्या खेपेला गावाहून परत जाताना सांडलेले. ते झाडून काढले, वास गेला. पंचाईत पुढेच होती. प्रत्येक कामाची नोंद कॉम्प्युटरवर करायची, आणि नोंदीसाठी ठरलेल्या यादीतून दोषाचा कोड निवडायचा. सोड्यांचा कोड नव्हता. नोंद पूर्ण झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडता येईना. मॅनेजर बिचारा सज्जन, त्याने मुख्य ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या माणसाला सोडे हा शब्द कळेना. ह्याने वर्णन केलं, त्याला तो एखादा सुटा भाग वाटला, त्याने पार्ट नंबर मागितला. चाकरमानी, त्याची बायको आणि मेस्त्री दोन तास त्या मऊ कोचावर बसून होते. संध्याकाळी मेस्त्रींनी युनिफॉर्म घडी घालून परत दिला. मला म्हणाले, "बाईनू, माणसा वायट नाय हत. पण थंय दुरुस्ती नसता. जुना काढूचा, नवा लावचा. त्येका मेस्त्री कित्याक व्हयो?"

यानंतरच्या काळात माझ्या हातून एक अपराध घडला. पुण्याच्या माझ्या मुलाने हट्टाने माझ्यासाठी नवी गाडी घेतली, विजेवर चालणारी. कसलाही आवाज नसलेली. ती घेऊन मेस्त्रींच्या दारावरून जायचा मला धीर होईना. चार दिवस मी बाजारातून लांबचा वळसा घालून ये-जा केली. पाचव्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. फाटकाशी मेस्त्री उभे, दोन्ही हातांत एकेक शहाळं. "चार दिवस तुमची गाडी आयकाक येवक नाय," ते म्हणाले, "म्हटलां, बाईंका बरा नाय काय बगूया." त्यांच्या आणि माझ्या मध्ये अंगणात ती पांढरीशुभ्र नवी गाडी उभी होती. आयुष्यात मी इतकी कधी ओशाळले नव्हते. मेस्त्रींनी शहाळी ओटीवर ठेवली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बसान बगू?" आम्ही एक चक्कर मारली. पट्टा लावला नाही म्हणून गाडी ओरडली, रेघ ओलांडली म्हणून ओरडली, समोर गाय आली म्हणून ओरडली. मेस्त्री म्हणाले, "ही तुमच्याच शाळेत होती काय?" परत आल्यावर त्यांनी पुढचं झाकण उघडायला लावलं. आत सगळीकडे काळं प्लॅस्टिक. त्यावर त्यांनी कान ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले... "बरी आसा," सरळ होत ते म्हणाले. "पण माझ्याशी बोलना नाय."

जाताना त्यांनी माझी जुनी निळी गाडी मागून घेतली. मोडीत देऊ नका म्हणाले. पुढे छातीत कळ आली तेव्हा त्याच गाडीतून, स्वतः चालवत, ते कुडाळच्या हॉस्पिटलमध्ये गेले. सुशीलावहिनी सांगतात की वाटेत त्यांनी गाडी थांबवली. शेजारी बसलेल्या या घाबरल्या, आता काय होतंय म्हणून. मेस्त्री एका हाताने छाती धरून खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "पट्टो करकरता."

मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या अंगावर चारपाच वायरी होत्या आणि उशाशी पडदा होता. "बाईनू, वाचा बगू, काय म्हणता," ते हसून म्हणाले. तेवढ्यात डॉक्टर आल्या, तरुण मुलगी. तिने पडद्याकडे न बघता आधी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून त्यांच्या छातीला लावला. मेस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. "तुमी अजून कानान आयकतास?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "हो, आधी कानाने. मशीन मग." मेस्त्रींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी स्कॅनर आला त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "बरा करतास," ते म्हणाले. "तुमका पासवर्ड मागना नाय मा कोण?"

गॅरेजची जागा आता पर्यटकांना स्कूटर भाड्याने देणाऱ्या एकाला दिली आहे. गाड्यांच्या खाली उतरून काम करायचा जमिनीतला खड्डा तेवढा बुजवायचा, असं त्याचं म्हणणं. सुशीलावहिनींनी नाही सांगितलं. वर फळ्या टाकल्यात आणि फळ्यांवर त्या आमसुलं वाळत घालतात. गेल्या आठवड्यात मी गेले होते. काय मनात आलं कोण जाणे, मी म्हटलं, "वहिनी, मला आत उतरायचंय." त्यांनी आमसुलं उचलली, फळ्या सरकवल्या. साडी सावरत मी खाली उतरले. आत तेलाचा वास होता आणि चिऱ्याच्या भिंतीवर, माझ्या खांद्यापेक्षा जरा खाली, एक काळा गुळगुळीत डाग होता. मेस्त्री तिथे पाठ टेकून वर बघत उभे राहायचे. मीही टेकले, वर पाहिलं. कौलांतून उन्हाची एक तिरीप येत होती, बाकी काही नाही. मग वर यायची वेळ झाली आणि मला चढता येईना. वहिनी वरून हात धरून ओढतायत, मी खालून धडपडतेय, आणि दोघींनाही हसू आवरेना. "ते कसे चढायचे हो?" मी विचारलं. "डाव्या हाताक बगा," त्या म्हणाल्या. डाव्या बाजूच्या एका चिऱ्याला खळगा पडला होता, चार बोटांचा, झिजून झिजून झालेला. मी त्यात बोटं घातली आणि वर आले.