पालथं ताट

दादा गेल्याची बातमी घेऊन चुलतभाऊ पुण्याला माझ्या दारात आला. आधी पाणी प्यायला, मग चहा घेतला, परतीची एसटी कधी आहे ते विचारलं... आणि पायांत वहाणा चढवत म्हणाला, "चल. दादा गेलं." आमच्या घराण्याची हीच तऱ्हा. दादाच्या पोटात म्हणे बरेच दिवस दुखत होतं, पण तो शेवटपर्यंत मिठाची गुळणी धरून बसला. त्याला जाऊन आता महिना उलटला. गेलेल्याबद्दल चांगलं बोलावं हे मला कळतं. पण जो तो "काय शांत माणूस होता" म्हणतो आणि मला शिसारी येते.

घोटावड्याच्या आमच्या घरात वडलांचा आवाज कुणी फारसा ऐकला नाही. त्यांना काही खटकलं की ते जेवायला बसायचे, समोरचं रिकामं ताट पालथं घालायचे आणि भिंतीकडं बघत राहायचे. मग आईचे अंदाज सुरू... मीठ कमी पडलं का, बैलांना पाणी दाखवायचं राहिलं का, माहेरचं कुणी येऊन गेलं ते आवडलं नाही का? ते मानसुद्धा हलवायचे नाहीत. आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो. आणि हीच आई शेजारणीला मिरवून सांगायची, "आमच्यात आवाज चढत न्हाई कुणाचा." दादा त्या ताटासमोर वाढला. खाण तशी माती.

त्याला बायको मिळाली कासारसाईची. तिच्या माहेरी सगळी कडाकडा भांडायची आणि घटकाभरात शेजारी बसून जेवायची. वहिनी आमच्या घरात आली ती बोलतच. दादानं पहिल्यांदा ताट पालथं घातलं तेव्हा तिला वाटलं, याला भूक नाही. "जेवायचं न्हाई व्हय? बरं," म्हणत तिनं ताट उचलून फडताळात ठेवलं आणि स्वतः पोटभर जेवली. मला हसू फुटलं, तर आईनं करकचून चिमटा काढला. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला धडा दिला, "इचारायचं न्हाई. वळखायचं." वहिनी वळखायला शिकली, आणि तिचं बोलणं आटत गेलं. गेल्या दिवाळीत मी गेले, तर ती दाराआडून दबक्या आवाजात मला विचारते, "माझं काय चुकलं असंल, वन्सं?" आत दादा ताटासमोर, भिंतीकडं तोंड करून. "दादा, त्वांड हाय ना तुला?" मी म्हणाले. तो बघतच राहिला, भिंतीकडं. इतकी किळस मला कशाची आली नव्हती.

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडले. कावळे उंबरावर बसून, एकही खाली उतरेना. "कशात जीव आडकलाय त्येचा? काय हवं हुतं?" सगळे वहिनीला विचारू लागले. "मला काय ठावं? त्यांनी कंदी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. "हळू बोल गं," चुलते म्हणाले. तशी ती पिंडाकडं वळून चांगली मोठ्यानं म्हणाली, "आता तरी सांगा. न्हाईतर ऱ्हावा उपाशी." तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

त्या संध्याकाळी दादाचा थोरला, सदा, जेवायला बसला. त्याच्यासाठी मुलगी पाहून ठेवलेली आहे. वहिनीचं नदीवरचं बोलणं त्याला लागलं असावं... असावंच म्हणायचं, कारण त्यानं सांगितलं नाही. त्यानं बापाचं ताट ओढलं आणि पालथं घातलं. ती येणारी पोर माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. वहिनीनं मात्र एकही अंदाज काढला नाही. "बोल, मंग वाढते," एवढंच म्हणाली आणि स्वतः जेवायला बसली. सदा उठून गेला.

सकाळी मी निघाले तेव्हा ती घर सारवत होती. ताट तिथंच होतं, पालथं. त्याला धक्का न लावता ती भोवतीनं सारवत होती. मी उचलायला वाकले, तर शेणानं भरलेल्या हातानं तिनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, वन्सं. ज्यानं घातलंय त्यो उचलंल."