सतरा जागांची झडती

आमच्या शेजारच्या जमादारांनी मिठी मारली आणि झडती घेतली नाही, असा माणूस यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, हे विधान मी विचारपूर्वक करतो. मी वाढवून सांगणारा माणूस नाही. कापूस संकलन केंद्रावर काट्याजवळ बसून मी नऊ हंगाम वजने लिहिली. त्या वह्यांत खाडाखोड तीनच ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी माझी सही आहे. जमादार हुद्द्याने हेड कॉन्स्टेबल. पण आमच्या बोरी अरबला एवढे लांब कोणी बोलत नाही. बेताची उंची, विडीने पिवळी झालेली मिशी, सायकलच्या हँडलला अडकवलेली काठी, आणि दोन हात. खरे तर या हातांबद्दलच लिहायचे आहे. लग्नात ते वऱ्हाड्यांना भेटत तेव्हा मिठी खांद्यापाशी सुरू होई, पाठीवरून कमरेला येई, आणि समोरचा माणूस 'राम राम' म्हणून मोकळा होईपर्यंत जमादार वाकून त्याच्या पोटऱ्यांपर्यंत पोचलेले असत. नवख्याला वाटे, हा वडीलधारा माणूस आपल्या पाया पडतो आहे. तो घाईघाईने त्यांना उठवू लागे. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या मामांना असे भेटून झाल्यावर जमादार त्यांच्या कानाशी म्हणाले, "मामाजी, डाव्या खिशात अडकित्ता हाये तुमच्या. खटका सैल झाला त्याचा. बसतानी जपजा." मामा त्यानंतर जेवणाची हाक येईपर्यंत उभेच होते.

माणसाच्या अंगावर झडतीच्या सतरा जागा असतात. हा आकडा पुस्तकातला नाही, माझा आहे. जमादार कुणाला तपासत असले की मी मनात मोजत असे, आणि पागोटेवाला असो की पँटवाला, टोपीपासून तळपायापर्यंत हिशेब सतरावर येई. काम वरून खाली, एकाच क्रमाने, एका हाताने. दुसरा हात नेहमी मोकळा. आधी "भाऊ, राग नोको मानू" म्हणायचे, आणि मग माणसाच्या मागे किंवा बाजूला उभे राहायचे, समोर कधीच नाही. खिशात हात घालायचा नाही. बाहेरून दाबून पाहायचे आणि मग त्यालाच खिसा उलटा करायला सांगायचे. या शेवटच्या नियमाचा दाखला त्यांच्या डाव्या हातावर होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका खिशातल्या उघड्या पात्याने त्यांची दोन बोटे कापली होती. ती बोटे मिटत नसत, त्यामुळे जमादार मूठ आवळत तेव्हा कुणाला तरी आशीर्वाद देत असल्यासारखे दिसत. दुसऱ्या शिपायाने झडती घेतली आहे, हे वाक्य तर त्यांच्या कानात शिरतच नसे. "त्यानं घेतली ना? मंग त्याची झाली. माही बाकी हाये."

ही सवय ठाण्यात ठेवून घरी यावे, असे त्यांच्या बायकोने त्यांना किती वेळा सांगितले असेल याची नोंद माझ्याकडे नाही. दळणाचा डबा ते तळापर्यंत चाचपत. पाहुण्यांच्या पिशव्या ओसरीवर उलट्या होत. बाजारात फुलकोबी घेताना तिची पाने बाजूला सारून ते असे काही पाहत की भाजीवाली एकदा ओरडली, "जमादार, गोबी हाये थे, चोर नाई!"

"मंग अंग चोरून काहून बसली?" जमादारांनी शांतपणे विचारले आणि दुसरी उचलली. तिसऱ्या गड्ड्यात अळी निघाली. ती त्यांनी भाजीवालीच्या तळहातावर ठेवली आणि पहिला गड्डा घेऊन घरी गेले.

आमची ओळख मात्र शेजारामुळे नव्हे, कापसामुळे वाढली. कापसाची ती वर्षे फार वाईट होती. भाव पडलेले, माल उचलला जात नसे, आणि केंद्रासमोर गाड्यांची रांग चार-चार दिवस हलत नसे. माणसे रांगेतच जेवत, रांगेतच झोपत आणि नंबरावरून रांगेतच भांडत. म्हणून बंदोबस्ताला पोलीस लागत. जमादार पहिल्यांदा आले तेव्हा बंदोबस्त सोडून कापसाची प्रत ठरवणाऱ्या आमच्या ग्रेडरच्या मागे फिरत राहिले. ग्रेडर गाडीवर चढे, वरच्या कापसाकडे बघतसुद्धा नसे, आणि खांद्यापर्यंत हात आत खुपसून तळाचा कापूस बाहेर काढी. ओला आहे का, किडकी कवडी आहे का, दगड आहे का. जमादारांनी एका दिवसात एकतीस गाड्या पाहिल्या. संध्याकाळी माझ्याजवळ बसून म्हणाले, "बाबूजी, आमच्या लोकाईले ट्रेनिंगले इथंच धाडलं पाह्यजे. वरून तं कोनाचाबी माल पांढराच दिसते." त्या दिवसापासून ते मला आपल्या खात्यातला मानू लागले.

त्याच हंगामात माझ्या बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली शिपाई म्हणून आला. नोकरी पाच वर्षांची, अंगाने धिप्पाड, चालण्यात जरा ऐट. त्याची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती आणि आमच्याकडेच राहत होती. मेहुण्याला जमादारांची लाज वाटे. माझ्या घरी जेवताना तो म्हणायचा, "भाऊजी, तुमचे जमादार मानसाले असे चापसतात जसा शिंपी माप घेते. लोकं आमाले टेलर पोलीस म्हनून राह्यले!" माझी बायको हसे. खोटे कशाला सांगू, मीही हसत असे.

तर त्या हंगामात रांगेतल्या गाड्यांमधून कापूस चोरीला जाऊ लागला. एका पहाऱ्याच्या म्हाताऱ्याने हटकले, तर चोराने त्याचे डोके फोडले. म्हातारा यवतमाळच्या दवाखान्यात होता. एका दुपारी साडेतीन वाजता गाडीवाल्यांनी चोर पकडला. तो निघाला आमच्याच केंद्रावरचा हमाल. आठ दिवसांपूर्वी कामावर लागलेला, कापसाची पोती भरायचा आणि त्यांची तोंडे शिवायचा. मेहुणा तिथेच बंदोबस्ताला होता. त्याने लगेच त्याची झडती घेतली, आणि मन लावून घेतली, हे मी डोळ्यांनी पाहिले. चार खिसे पाहिले. चाकू निघाला, विड्यांचे बंडल निघाले, कंगवा निघाला. चाकू त्याने सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मग चोराचे हात पुढे बांधले आणि त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर मागे बसवले. जीप दुसरीकडे गेली होती, बरोबरचा शिपाई जेवायला गेला होता, आणि मेहुण्याला चोर दारव्ह्याच्या ठाण्यात पोचवून दिवस असेपर्यंत बायकोजवळ परतायचे होते. त्याने किक मारली तेवढ्यात फाटकातून जमादारांची सायकल आत आली.

"थांब बे. झडती झाली?"

"झाली, जमादार. हा पाह्य चाकू."

"कोनं घेतली?"

"मीच घेतली."

"मंग माही बाकी हाये. उतरव त्याले."

मेहुण्याचा चेहरा लाल झाला. आजूबाजूला शंभरावर गाडीवाले उभे होते, आणि चार दिवस रांगेत बसलेल्या माणसांना करमणूक हवीच असते. एक जण ओरडला, "जमादार, तुमची झडती होईस्तोर आमचा कापूस पिवळा पडते ना जी!" दुसरा म्हणाला, "बाही बी मोजून घ्या, सदरा शिवून द्या त्याले!" हशा झाला. मेहुणा इंजिन बंद न करता म्हणाला, "जमादार, चार लोकाईत काहून पानी उतरवून राह्यले माहं? मी घेतली म्हनलं ना."

"तुहं पानी राहू दे," जमादार म्हणाले. "तू तं राह्यला पाह्यजे."

मला मेहुण्याची कीव आली. म्हणून मी नजर खाली घातली आणि माझे रोजचे चारचे काम जरा आधीच काढले. शिवणाऱ्या हमालांना सकाळी बारा दाभण द्यायचे आणि चारला परत घेऊन डब्यात ठेवायचे, असा माझा नियम होता. वीतभर लांबीचे लोखंडी दाभण, पोत्यातून आरपार जाणारे. शिवण थांबली होती, हमालांनी दाभण माझ्या टेबलावर आणून टाकले होते. मी मोजले. अकरा भरले. पुन्हा मोजले. अकराच. मी मान वर केली, तर बारावा जमादारांच्या हातात होता.

तो लपवलेला नव्हता. सांगायला मला आजही अवघड वाटते ते हेच. चोराच्या डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यात, उजव्या कानाच्या वर, तो खोचलेला होता. सुतळीचे टोक खाली लोंबत होते. आमच्याकडे प्रत्येक शिवणारा हमाल दाभण तिथेच खोचतो. मेहुण्याला तो दिसला होता. शंभर गाडीवाल्यांना दिसला होता. मी तर तो सकाळी स्वतः त्याच्या हातात देऊन वहीत लिहिला होता. पण हमालाच्या डोक्यावरचा दाभण आम्हाला कानातल्या भिकबाळीसारखा. त्याला हत्यार म्हणायचे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नाही. जमादारांची पहिली जागा डोके होती, एवढाच फरक. त्यांचा हात दुपट्ट्याला लागताच त्या माणसाने बांधलेले दोन्ही हात झटक्याने वर नेले होते, पण जमादारांचा दुसरा हात मोकळा होता.

हशा थांबला. जमादारांनी दाभण माझ्या टेबलावर ठेवला आणि नेहमीच्याच आवाजात विचारले, "हा कोनासाठी ठेवला होता, भाऊ?"

त्या माणसाने मोटारसायकलच्या पुढच्या सीटकडे पाहिले, मग मेहुण्याच्या मानेकडे पाहिले. "नाल्यापाशी गाडी हळू होते," एवढेच म्हणाला.

मेहुण्याने इंजिन बंद केले. एका हाताने तो आपली मान चोळू लागला आणि चोळतच राहिला. मग तिथेच कापसाच्या ढिगावर बसला. मघाशी बाही मोजायला सांगणाऱ्या गाडीवाल्यानेच त्याला पाणी आणून दिले. जमादारांनी उरलेल्या सोळा जागा आधी पुऱ्या केल्या, चोराचे हात सोडून मागे बांधले, आणि मग मेहुण्याजवळ गेले. मला वाटले, आता शिव्या पडणार.

"सुनबाईले कितवा महिना हाये?"

"आठवा," मेहुणा म्हणाला.

"मंग?" जमादार म्हणाले. रागावणे संपले.

पंचनाम्याला पंच म्हणून मी बसलो. जमादार म्हणाले, "बाबूजी, झडतीत दुपट्ट्यातून दाभन मिळाला, असं लिवा. कोनत्या झडतीत, थे लिवाची जरूर नाई." मी थोडा विचार केला. वाक्य खोटे नव्हते. मी सही केली. त्या संध्याकाळी घरी मेहुण्याच्या बायकोने त्याला वाढले आणि तो का जेवत नाही म्हणून विचारले. तो म्हणाला, "जेवतो ना," आणि सहा भाकरी जेवला. मी मोजत होतो. सहाव्या भाकरीला माझ्या छातीवरचे ओझे उतरले.

दुसऱ्या दिवसापासून जमादारांच्या अंगणात एक प्रकार सुरू झाला. रोज संध्याकाळी जमादार हात पसरून उभे राहत आणि मेहुण्याने त्यांची झडती घ्यायची. अंगावर कुठेतरी त्यांनी काहीतरी लपवलेले असे: कधी चमचा, कधी बायकोची सेफ्टी पिन, कधी कात्रीचे अर्धे पाते. सापडले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. शेजारपाजारचे चहा घेऊन बघायला येत. जमादारांची बायको दारातून ओरडे, "माही पळी कुठं हाये? सैपाक अडला ना माहा!" असे सत्तावीस दिवस चालले. सत्ताविसाव्या दिवशी मेहुण्याने त्यांच्या बुटाच्या तळातून ब्लेड काढले. जमादार म्हणाले, "आता चहा पाज." पुढच्याच आठवड्यात मेहुण्याला मुलगी झाली.

या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. केंद्र बंद पडले, काटा कुठे गेला मला माहीत नाही. जमादार निवृत्त होऊन पुसदला मुलीकडे राहतात. मेहुणा आता स्वतः जमादार आहे. दिवाळीला आला की आमच्या दारातच माझी झडती घेतो; माझी बायको कपाळाला हात लावते, मी मात्र निमूट हात वर करतो.

गेल्या महिन्यात त्याने मला मुद्दाम पुसदला पाठवले. निघताना एक पाकीट हातात दिले आणि म्हणाला, "भाऊजी, हे सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवा. सांगू नोका. थे काढतीन बरोबर."

जमादार अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांना आता कमी दिसते. मी नाव सांगताच उठले, "अरे, काटाबाबू!" म्हणून मिठी मारली, आणि हात फिरू लागले. टोपी, कॉलर, काखा, पाठ. हात हळू झाले आहेत, पण क्रम तोच. वाकता येत नाही म्हणून त्यांनी मला बाजेवर एकेक पाय ठेवायला लावला. शेवटी पाठीवर थाप मारून म्हणाले, "साफ हाये."

सोळा झाल्या होत्या.

मी उभा राहिलो. गप्प बसून पाकीट आपणच काढून देता आले असते. पण मला बोरीच्या अंगणातल्या त्या संध्याकाळी आठवल्या: सापडले नाही तर पुन्हा शोधायचे. मी म्हणालो, "जमादार, एक जागा राहिली."

ते थबकले. "कोनती?" मग स्वतःशीच वरून खाली पुटपुटत मोजू लागले, आणि त्यांचा हात माझ्या छातीवर येऊन थांबला. बाहेरून दाबले. "कागद हाये. जाड हाये. काढा, बाबूजी. मी हात घालत नसतो."

मी पत्रिका काढून वाचून दाखवली. मेहुण्याच्या मुलीचे लग्न. जमादारांनी ती हातात घेतली, चारी कडा चाचपल्या, पाकीट उलटे करून झटकले, आणि मग बराच वेळ तशीच धरून ठेवली. दोन बोटे सरळ, बाकीची मिटलेली. "त्याले म्हना, येतो मी," ते म्हणाले. "मांडवाच्या दारात उभं करजो म्हना मले."

घरी परतलो तेव्हा मेहुणा फाटकातच वाट पाहत होता. "सापडली का हो त्याईले?"

"पहिल्याच झडतीत," मी सांगितले. तो असा हसला की मला त्याची ती सहावी भाकरी आठवली. एवढ्या वर्षांत मी केलेली ही एकच खोटी नोंद. मेहुणा हे वाचेल तेव्हा त्याला कळेलच. लग्न होईपर्यंत मात्र ती तशीच राहू द्यावी.