पुढं सरकलेलं तबक

"कटाळा आलाय बघ. पर सांगिटलंय न्हवं त्यानं?"

असं म्हणून आक्का उजव्या हाताचा अंगठा छताकडं करायची. त्यात भक्तिभाव वगैरे काही नसायचा. वरच्या मजल्यावरचा घरमालक जरा कडक आहे, एवढंच सांगावं तसा तो अंगठा. मग गुडघ्यावर हात टेकून "या गं माज्या आयं" करत उठायची आणि ज्याचा कंटाळा आलाय तेच काम करायला निघायची.

देवाची आज्ञा पाळणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान झळकतं, असं आम्ही उपदेशातून सांगतो. आम्ही म्हणजे मी. निपाणीतल्या आमच्या लहानशा मंडळीत पाळकसाहेब महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात, कारण त्यांच्याकडं आणखीही गावं आहेत. उरलेल्या रविवारी मी बोलतो. आठवडाभर तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यापाशी बसायचं आणि रविवारी स्वर्गाबद्दल सांगायचं, असा माझा जोडधंदा. पुढच्या बाकावरची माणसं माझा उपदेश ऐकून डोळे पुसतात, या समजुतीत मी बरीच वर्षं सुखात होतो. ती माझ्या कोटातल्या तंबाखूच्या खकाण्यानं बेजार होत होती, हे मला आक्कानं सांगितलं.

आक्काच्या चेहऱ्यावर काही झळकायचं नाही. दमणूक दिसायची. उभा जन्म तिनं दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया म्हणून काढला होता. निवृत्त झाली तरी चाल तीच, वॉर्डातून कुणीतरी हाक मारलीय आणि जायला तर पाहिजे, अशी.

तिची एक शेजारीण होती. आक्काच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर नेमकं खरकटं पाणी फेकायची. ती घसरून पडली, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, आणि आक्का दोन्ही वेळचा डबा घेऊन तिच्या दारात.

"तोंड बघू वाटत न्हाय तिचं," आक्का मला म्हणाली.

"मग कशाला जाता?"

अंगठा वर.

शेजारीण जेवली आणि म्हणाली, "आमटीला मीठ न्हाय." आक्का म्हणाली, "उद्या घालीन." बाहेर आल्यावर गल्लीला ऐकू जाईल असं पुटपुटली, "उद्या मिठाचं पोतंच वततो." दुसऱ्या दिवशी मीठ अगदी बेतानं होतं. मी चाखून पाहिलं. डबा पोचवायला मला पाठवलं होतं.

पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांनी घ्यायचा द्राक्षरस आक्का करायची. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. पेले आणि तबक ठेवायच्या कपाटाची किल्लीही तिच्याच पदराच्या गाठीला. आमच्याकडं लहान लहान पेल्यांचं तबक बाकावरून हातोहात पुढं जातं. आक्का बायकांच्या बाजूला, खिडकीकडच्या टोकाला बसायची. तबक आलं की दोन्ही हातांनी धरायची, क्षणभर बघायची आणि स्वतः न घेता पुढं सरकवायची. दर महिन्याला.

मी ते पाहत होतो आणि माझ्या हुशारीला साजेसा निष्कर्षही काढला होता. आक्काला शुगर असणार. एका रविवारी तिला बाजूला घेऊन गंभीरपणे मेथ्या भिजवून खायला सांगितलं. तिनं पदराची गाठ घट्ट केली. "बरं," म्हणाली.

मग तो रविवार आला. पहिला रविवार, प्रभुभोजन, चर्च भरलेलं, आणि पाळकसाहेबांची गाडी कागलजवळ पंक्चर. त्यांचा फोन आला, "पोचतोच. तोवर तुम्ही बोला."

मला एवढंच पाहिजे असतं. मी विषय काढला समेटाचा. प्रभूच्या मेजाकडं, म्हणजे त्या पेल्याकडं, येण्याआधी ज्या भावाचं तुमच्याशी वाकडं आहे त्याच्याकडं जा, आधी मिटवा, मग या. त्या वेळी आमच्या पेटीवाल्याशी माझा अबोला होता. भांडण कशावरून, तर पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून. मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण उपदेश करणाऱ्याला उपदेश लागू नसतो. मी रंगात आलो. हात उंचावून गरजलो, "उद्या नव्हे! आत्ता! या क्षणी उठा!"

आता, उठा म्हटल्यावर कुणी उठायचं नसतं, हे आमच्या मंडळीला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

"या गं माज्या आयं," खिडकीकडून आवाज आला. आक्का उठली, पदर सावरला आणि दारातून बाहेर पडली.

पाणी प्यायला गेली असेल म्हणून मी पुढं बोलत राहिलो. पेटीवाला मला खुणा करू लागला. अबोल्यामुळं तोंडानं सांगता येईना, म्हणून नुसते हातवारे. उपदेश आवरा म्हणतोय, असं समजून मी मुद्दाम लांबवला. शेवटी त्यानं रिकाम्या हातानं हवेत किल्ली फिरवून दाखवली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेले कपाटात, किल्ली पदरात, आणि पदर निघाला होता बस स्टँडकडं.

मी कोटासकट पळालो. बेळगावची बस लागलेली होती, आक्का आत बसलेली.

"किल्ली!" मी खिडकीतून ओरडलो.

"वर ये. असा वरडू नगंस, लोक बघाल्यात."

मी वर चढलो. गाठ घट्ट बसलेली. तिनं नखांनी सोडवून पाहिली, मग दातांनी. किल्ली माझ्या हातात आली तेव्हा बस हायवेला लागली होती.

कंडक्टर आला. आमच्या कर्नाटकात बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, पण उपदेशकांना आहे. माझं पाकीट चर्चमध्ये राहिलं होतं. आक्कानं कमरेची चंची सोडली आणि कंडक्टरला कन्नडमध्ये म्हणाली, "नम्म तम्म री." म्हणजे, हा माझा धाकटा भाऊ.

"कुठं निघालाय आपण?" मी विचारलं.

"तू कुठं निघालास ते मला काय म्हाईत? मी गुंजीला निघालोय. भावाकडं. तूच उठा म्हटलास न्हवं?"

मग तिनं सांगितलं. गुंजीला माहेर, भाऊ शेती करतो. आक्कानं तरुणपणी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरात कुरकुर झाली, पण तुटलं नाही. तुटलं ते आई गेली तेव्हा. भावाचा निरोप आला, आई तुला मागतेय, लगेच ये. आक्का वॉर्डात होती. एका पोरीचं बाळंतपण अडलेलं, दुसरी आया रजेवर. आक्का थांबली. बाळ-बाळंतीण सुटली, आणि आक्का गुंजीला पोचली तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "परक्याच्या बाळंतपणाला हाईस, आईला न्हाईस." त्यानंतर तो तिच्याशी बोलला नव्हता. आणि आक्कानं तेव्हापासून पेला उचलला नव्हता.

"मी चुकलो न्हाय, उपदेशक," ती म्हणाली. "त्येच अवघड हाय बघ. चुकलो असतो तर माफी मागाय सोपं गेलं असतं. मलाबी राग हाय त्येचा. लई राग हाय."

यावर मला आठवल्या त्या मेथ्या.

संकेश्वरला उतरून परत फिरायचं मी ठरवलं होतं. पण संकेश्वर आलं तेव्हा आक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, तोंड किंचित उघडं. इतकं दमलेलं माणूस मी आधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मी हललो नाही. किल्ली माझ्या खिशात पुढं पुढं जात राहिली, आणि निपाणीत पाळकसाहेबांनी बंद कपाटासमोर आशीर्वाद देऊन मंडळीला घरी पाठवलं.

बेळगावला तिनं खडेबाजारातून खारी घेतली. "लहानपणी लई आवडायची त्येला." पुढची बस धरून गुंजीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भाऊ अंगणात खराट्यासाठी नारळाच्या झावळ्या सोलत होता. काटक, पांढऱ्या मिश्या, नाक अगदी आक्काचं.

आक्का अंगणाच्या कडेला उभी राहिली. "मिटवाय आलोय," म्हणाली.

तो आपल्या बायकोला म्हणाला, "पाणी दे गं त्यास्नी. लांबनं आल्यात." आणि कोयता घेऊन परसात निघून गेला.

आम्ही पाणी प्यायलो. खारीची कापडी पिशवी उंबऱ्यावर ठेवली. निघालो.

परतीच्या बसमध्ये मी तिला समजावलं. आक्का, तुम्ही तुमच्या बाजूनं केलं. आज्ञा पाळून झाली. आता खुशाल पेला घ्या. धर्मातल्या पळवाटा मला चांगल्या ठाऊक आहेत. तेवढाच माझा अभ्यास.

"नुस्तं जाऊन या असं सांगिटलंय व्हय?" ती म्हणाली. "मिटवा म्हटलंय. मिटलं कुठं?"

मग ते सुरूच झालं. दर महिन्यात, प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, निपाणी ते बेळगाव, खारी, बेळगाव ते गुंजी. कधी भाऊ शेतात असायचा, कधी समोर असून नसल्यासारखा. वहिनी पाणी द्यायची, नंतर नंतर चहा. तो एक शब्द बोलायचा नाही. आक्का बसायची, उठायची, संध्याकाळी परत यायची आणि मनुका भिजत घालायची. सकाळी रस गाळायची आणि तबक पुढं सरकवायची.

"काय म्हणाला?" मी विचारायचो.

"काय म्हणतोय? झावळ्या सोलतोय. तुज्या पंख्याचं काय झालं?"

मी विषय बदलायचो.

एकदा मात्र ती चिडली. पावसाळी हवा, बस बंद पडलेली, पाय सुजलेले. चर्चच्या पायरीवर बसली आणि अंगठा वर करून म्हणाली, "त्येला सांग की तू. तुझं ऐकतोय न्हवं? म्हणावं, म्हातारीला पुरं आता. दुसऱ्या कुणालातरी सांग म्हणावं." मी म्हटलं, प्रार्थना करतो. "तू नगं," ती म्हणाली, "तू लई लांबवतोस." आणि उठली.

पुढं गुडघ्यानं दगा दिला. धापही लागायची. एका महिन्यात शनिवार आला आणि तिला स्टँडपर्यंतही चालवेना. खाटेवर बसून रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "आता संपलं," म्हणाली. "आता ऱ्हायलंच ते." तरी मनुका भिजवल्या.

दुसऱ्या दिवशी चर्च गल्लीतच म्हणून कशीबशी आली, आपल्या जागी बसली. पाळकसाहेब मेजापाशी उभे होते, तबक बाकांवरून फिरायला लागलं होतं, तेवढ्यात दारात ती खरकट्या पाण्याची शेजारीण दिसली. तिनं हातानं आत दाखवलं आणि बाजूला झाली. तिच्यामागं गुंजीचा भाऊ. धोतर, टोपी, हातात गाठोडं. चपला बाहेर काढून तो सरळ बायकांच्या बाजूला गेला आणि आक्काशेजारी बसला. बायका आकसून सरकल्या. आमच्यात पुरुष तिकडं बसत नाहीत.

गाठोडं त्यानं मांडीवर सोडलं. आत कापडी पिशव्या होत्या, खारीच्या, साऱ्या धुऊन घड्या घातलेल्या.

"पिशव्या साठल्यात घरात," तो समोर बघत म्हणाला. त्याला हळू बोलता येत नव्हतं, सगळ्या चर्चला ऐकू गेलं. मग आवाज जरा उतरला. "काल का आली न्हाईस गं, आक्का? बसस्टॉपवर बसलोतो की मी."

आक्का हे नाव मुळात त्यानंच दिलेलं. गावानं ते नंतर उचललं. त्या नावानं त्यानं तिला हाक मारली नव्हती, आई गेली त्या दिवसापासून.

"पाय चालंना झालाय रं," ती म्हणाली.

तबक त्यांच्यापाशी आलं. आक्कानं सवयीनं दोन्ही हातांनी धरलं, आणि तशीच थांबली. भावानं तबकाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं. ती कशाची वाट बघतेय, तेवढं कळलं असावं.

"घे की," तो म्हणाला.

तिनं घेतला. पेला तिरका झाला आणि अर्धा रस लुगड्यावर सांडला. पेटीवाल्यानं पेटी सुरू करायची होती, ती त्याला जमेना. मी उठून पंखा त्याच्या बाजूला फिरवला.

त्यानंतर आक्का फार दिवस राहिली नाही. आता मनुका मी भिजवतो. कधी करपतात, कधी रस गढूळ होतो, आणि पुढच्या बाकावरची माणसं म्हणतात की त्याला तंबाखूचा वास येतो. कंटाळा येतो, खरंच येतो. फडकं पिळताना मी उगाच छताकडं बघतो. पंखा अजून पेटीवाल्याकडंच आहे, मला घाम फुटतो.

पहिल्या रविवारी तिचा भाऊ गुंजीहून येतो. त्यानं धर्म बदललेला नाही, तसा विचारही नाही, आणि आम्हीही विचारलेलं नाही. चपला बाहेर काढतो, बायकांच्या बाजूला खिडकीकडच्या टोकाला बसतो. बायका त्याच्यासाठी ती जागा राखून ठेवतात. तबक आलं की तो ते दोन्ही हातांनी धरतो, क्षणभर बघतो, आणि एकही थेंब सांडू न देता पुढं सरकवतो.